गासडीमागे एक रुपया

दिवाळी अंकांत चाळ येते ती नेहमी हसतखेळत येते. फराळाच्या ताटांवर विणलेले रुमाल, कठड्याला टांगलेले आकाशकंदील, नळावरची भांडणे आणि जिन्यावरचे समेट, असा तिचा थाट असतो. १९५८ साली 'बटाट्याची चाळ' पुस्तकरूपाने निघाली आणि त्या चाळीने मराठी घराघरांत जे बिऱ्हाड थाटले ते अजून हललेले नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मीही पोट धरून हसलो आहे. पण ती चाळ कारकुनांची, मास्तरांची, नाटकवेड्या गृहस्थांची. गिरगाव सोडून उत्तरेकडे दोन-चार मैल गेले की चाळींचे आणखी एक शहर लागत असे. तिथली माणसे भोंग्यावर उठत, भोंग्यावर जेवत आणि एकाच वळकटीवर पाळीपाळीने झोपत. परळ, लालबाग, काळाचौकी, डिलाईल रोड, नायगाव, शिवडी, वरळी मिळून झालेले हे गिरणगाव. त्याची वास्तू आज पाडली जात आहे, आणि त्या पाडापाडीच्या धुरळ्यात जे दोन सूर ऐकू येतात ते दोन्ही मला खोटे वाटतात. म्हणून सणासुदीच्या दिवसांत हे थोडे कडू बोलणे. कारल्याची भाजीही पंगतीत वाढतात, वाचकांनी तसेच समजावे.

पहिला सूर असा : चाळी म्हणजे शहराच्या तोंडावरचा डाग, पुसला, बरे झाले. दुसरा सूर उसाशांचा : चाळ गेली, माणुसकी गेली, शेजारधर्म गेला. पहिला सूर लावणाऱ्यांना जमीन दिसते, घर दिसत नाही. दुसरा सूर लावणारे बहुधा चाळ सोडून तीस वर्षे झालेले असतात, आणि त्यांना मजल्यावरच्या सामायिक संडासापुढची पहाटेची रांग सोयीस्करपणे आठवत नाही. दोघांनाही तिथे कोण, कशामुळे आणि कोणाच्या पैशावर राहत होता हे विचारायचे नसते.

मी नंदुरबारचा. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून जन्म गेला. शाळांच्या खोल्या, वसतिगृहे, दवाखाने, नाल्यावरच्या मोऱ्या, हे माझे कर्तृत्व. भिंत दिसली की तिची जाडी आधी पाहायची आणि खोलीत शिरलो की खिडकी शोधायची, ही धंद्याने लावलेली खोड अजून सुटत नाही. हा विषय मी चौकातल्या मंडळींपुढे काढला तेव्हा एका मित्राने अहिराणीत फटकारले : "आबा, मुंबईन्या चाळीस्नं तुमले काय करनं शे?" प्रश्न रास्त आहे. आपल्या गावचे प्रश्न थोडे आहेत काय, की दोनशे कोसांवरच्या चाळींची काळजी वाहावी? त्याचे उत्तर भावनेत नाही, हिशेबात आहे.

पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरणीमालकांनी अफाट नफा कमावला. त्याच काळात महागाईने कामगारांचे कंबरडे मोडले, आणि १९१९ च्या जानेवारीत लाखाहून अधिक कामगार संपावर गेले. सर जॉर्ज लॉइड तेव्हा गव्हर्नर होते. कामगारांना राहायला जागा नाही ही गोष्ट सरकारच्या डोळ्यांवर आली ती अशी, संपाच्या वाटेने. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आजच्या बोलीतले बीडीडी, स्थापन झाले, आणि पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला गेला. संकल्प मोठा; पैसा कोठून आणायचा? एक, कर्जरोखे काढून. दुसरे, मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया जकात बसवून.

गासडी मुंबईत पिकत नाही. सुरतेहून अमळनेरपर्यंत तापी खोऱ्याचा लोहमार्ग १८९९-१९०० च्या सुमारास सुरू झाला आणि नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा ही ठाणी त्या रुळांनी मुंबईच्या बाजाराला जोडली गेली. खानदेश हा त्या बाजाराच्या मोठ्या कापूसप्रांतांपैकी एक. तेव्हा आमचा मुलूख पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. नंदुरबार हा वेगळा जिल्हा होण्यास १९९८ उजाडावे लागले. इथल्या काळ्या रानातला कापूस जिनात सरकीवेगळा होऊन, प्रेसमध्ये दाबून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून गाडीत चढला आणि मुंबईच्या हद्दीत शिरला की त्याच्यावर तो रुपया पडे. तो रुपया शेवटी कोणाच्या खिशातून गेला यावर अर्थशास्त्री वाद घालोत. व्यापाऱ्याने तो आपल्या पदरचा भरला आणि भाव ठरवताना शेतकऱ्याला त्याची झळ लागू दिली नाही, असे मानणारा मनुष्य कापसाच्या बाजारात कधी उभा राहिला नसावा, एवढेच मी म्हणतो. वरळीच्या त्या भिंतींत खानदेशचा, वऱ्हाडाचा, गुजराथेचा रुपया चिणलेला आहे. तेव्हा मित्रा, आपला संबंध हा असा आहे. आपण त्या इमारतींचे वर्गणीदार आहोत आणि वर्गणीदाराला हिशेब मागण्याचा हक्क असतो.

आता त्या वर्गणीतून काय उभे राहिले ते पाहू. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प २०७ इमारतींवर थांबला : वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले. मजल्याच्या मधोमध एक लांब बोळ, त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या; मजल्यावर वीस, इमारतीत ऐंशी. खोली साधारण १६० चौरस फुटांची. संडास सामायिक. सळईच्या काँक्रीटचे बांधकाम हिंदुस्थानात तेव्हा नवलाईचे होते. ते इथे शेकड्यांनी खोल्यांच्या हिशेबाने ओतले गेले. ऐंशीने गुणून पाहा : साडेसोळा हजार खोल्या. संकल्पाचा एक-तृतीयांश.

आणि या खोल्या कामगारांनी झुंबड करून घेतल्या काय? मुळीच नाही. १९२० नंतरच्या दशकात त्यांतल्या कितीतरी रिकाम्या पडून होत्या. भाडे परवडत नव्हते, वरळीची वस्ती गिरण्यांपासून आडबाजूला होती, बाजार नव्हता, दिवाबत्ती नव्हती आणि काँक्रीटच्या भिंती उन्हाळ्यात तापत. खोली बांधताना खोलीत राहणाऱ्याला विचारायचे असते ही गोष्ट त्या खात्याच्या कोणत्याच नकाशात नव्हती. याच खात्याने बॅक बेची भरणी काढून कोट्यवधी रुपये समुद्रात घातले. वीर नरिमन यांनी त्यावर तोफ डागली, खात्याच्या एका इंजिनिअरने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि नरिमन सुटले, हा इतिहास मुंबईला ठाऊक आहे. त्याच हाताने बांधलेल्या चाळींची दैना मात्र फारशी कोणी सांगत नाही. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळींचा सरकारला अखेर उपयोग सापडला : सत्याग्रहींना कोंडण्यासाठी तात्पुरता तुरुंग! कामगाराच्या घराचे इतक्या सहज तुरुंगात रूपांतर होऊ शकते, यावरून ते घर बांधणाऱ्याने मनाशी काय धरून बांधले होते ते सुज्ञांना कळावे.

इथे वास्तुविशारद मंडळी मला थांबवतील. म्हणतील, मग तुम्हीच सांगता ना, की त्या इमारती वाईट होत्या? पाडू द्या की! वास्तुकला वास्तुकला म्हणतात ती फोर्टात आणि मरीन ड्राइव्हवर आहे. २०१८ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा मान दिला. चाळीत वास्तुकला कोठली?

ही समजूतच मोडायला हवी. वास्तुकला कमानीत आणि घुमटात असते, हे बाजारात फिरायला आलेल्या पाहुण्याचे मत झाले. घर कोणासाठी, किती जागेत, हवा कोठून, पाणी कोठून, माणसाने माणसाला कोठे भेटावे, या प्रश्नांची उत्तरे म्हणजे वास्तुकला. तशी ती पाहिली तर गिरणगावात तीन वेगवेगळ्या विचारांच्या चाळी होत्या. पहिल्या खासगी मालकांच्या : सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, कौलारू छप्पर, लाकडी जिना आणि खोल्यांपुढून धावणारी उघडी गॅलरी. दुसऱ्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला प्लेग निघाला, शहराची दाणादाण उडाली, आणि १८९८ मध्ये हा ट्रस्ट जन्माला आला. या मंडळींनी उजेड-वाऱ्याचे गणित मांडले. ट्रस्टचे प्रमुख ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. साध्या भाषेत त्याचा अर्थ असा, की इमारत जितकी उंच, निदान तिच्या निम्मे अंतर समोर मोकळे हवे. तरच तळच्या खोलीला आकाश दिसेल. आणि तिसऱ्या या बीडीडीच्या : मध्ये बोळ, दोन्हीकडे खोल्या.

ओव्हरसियर म्हणून माझे मत विचाराल, तर या तिहींत सर्वांत शहाणी गोष्ट त्या खासगी चाळीची गॅलरी. मालकाने ती दयाबुद्धीने ठेवली नव्हती, जिन्यापासून खोलीपर्यंत जायला वाट लागते म्हणून ठेवली होती. पण एका बाजूला खोल्या आणि दुसऱ्या बाजूला आकाश असल्यामुळे तिच्यात वारा खेळे, उजेड येई. म्हातारी निवडण-टिपण करी, पोरे अभ्यास करीत, रात्रपाळीचा माणूस दिवसा सावलीत आडवा होई आणि खालच्या अंगणातली सभा वर चार मजल्यांना दिसे. बोळाच्या चाळीत हे नाही. बोळ अंधारा; त्याला आकाश नाही. एकच जागा, एकच भाडेकरू, पण वाट घराबाहेरून काढली की माणसे भेटतात आणि घराच्या पोटातून काढली की माणसे फक्त ये-जा करतात. हा धडा कोणत्याही कॉलेजात शिकवण्याजोगा आहे, आणि तो आम्ही ट्रकात भरून भरावाला टाकतो आहोत.

या चाळींत माणसे कशी राहत? खोलीला कुटुंब हा हिशेब अर्धाच खरा. कोकणातून, सातारा-कोल्हापुरातून आलेले गडी बायकामुले गावी ठेवून येत. एका गावचे लोक मिळून एक खोली भाड्याने घेत. ती त्या गावच्या ग्रामस्थ मंडळाची खोली. भिंतीला ज्याची त्याची खुंटी, खुंटीखाली ज्याची त्याची ट्रंक, आणि पाळीप्रमाणे पथारी. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा पडे. जेवण शेजारच्या खानावळवालीकडे. या खानावळवाल्या बायांनी गिरणगाव जगवले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना बांधली तेव्हा कोठे त्यांच्या कष्टाला नाव मिळाले. परळला दामोदर हॉलजवळच्या ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांच्या आसपास राहिले. देशाची घटना घडवणाऱ्या माणसाची उमेदीची वर्षे अशा दोन खोल्यांत गेली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, नारायण सुर्वे यांचे शब्द याच वस्तीत तापले. १९२८ चा सहा महिन्यांचा संप या चाळींनी पोटाला चिमटा घेऊन लढवला, संयुक्त महाराष्ट्राचा लढाही लढवला. आणि ज्या दिवाळीच्या बोनसवर आपण आज पेढे वाटतो, त्याचीही एक कथा इथलीच आहे : १९२४ च्या आरंभी गिरणीमालकांनी आदल्या वर्षांप्रमाणे बोनस देण्याचे नाकारले, म्हणून मुंबईचे गिरणी कामगार संपावर गेले. तो संप ते हरले. बोनस हा हक्क आहे की बक्षीस, हा प्रश्न मात्र त्या हरलेल्या संपाने देशापुढे ठेवला. सणाच्या ताटाला हात लावण्यापूर्वी त्यांची एवढी आठवण ठेवायला हरकत नसावी.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, उसासे टाकणाऱ्यांकडे. यांच्या मते चाळ म्हणजे जिव्हाळा. मी विचारतो, एका खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसे जिव्हाळ्याने राहिली काय? पगार पुरत नव्हता म्हणून राहिली. खोलीला दार लोटण्याची सोय नव्हती म्हणून दारे उघडी राहिली. गरजेला संस्कृती म्हणण्यात एक मोठी सोय असते. गरज कोणी निर्माण केली हे विचारावे लागत नाही. घरातल्या बाईने लुगडे कोठे बदलायचे, बाळंतिणीने कोठे निजायचे, क्षयाच्या रोग्याने कोठे खोकायचे, याची उत्तरे त्या १६० चौरस फुटांत नव्हती. माणसे चांगली वागली हा त्या माणसांचा मोठेपणा. तो भिंतींच्या खात्यावर जमा करू नये.

म्हणून स्पष्ट सांगतो : बीडीडी चाळींच्या जागी रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे, स्वतंत्र संडास-मोरीचे, मालकी हक्काचे घर मिळत असेल तर ते त्यांना मिळालेच पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या, त्याचा आनंद मला नंदुरबारात बसून झाला. शंभर वर्षांच्या समुद्राच्या खाऱ्या हवेने काँक्रीटमधली सळई गंजते, फुगते आणि वरचे आवरण फोडून बाहेर येते. असा स्लॅब कितीही टेकू दिले तरी जन्मभर उभा राहत नाही. चाळीला हात लावू नका म्हणणाऱ्याने त्या स्लॅबखाली एक पावसाळा झोपून दाखवावे.

मग माझे भांडण कशाशी? माझे भांडण विस्मरणाशी आहे, कारण विस्मरणाने जुनी चूक नव्या थाटात येते. बीडीडीने शंभर वर्षांपूर्वी कामगाराला खोली दिली आणि वाट अंधाऱ्या बोळातून काढली. आज चाळीस मजली मनोरे उठत आहेत. चाळीस मजले म्हणजे निदान चारशे फूट उंची. ट्रस्टच्या नियमाने त्यांच्यापुढे दोनशे फूट आकाश हवे. ते आहे काय, हा प्रश्न किती जणांनी विचारला? मनोऱ्याच्या मजल्यावर माणसाने माणसाला कोठे भेटायचे? लिफ्ट बंद पडली तर? देखभालीचा खर्च पुढल्या वीस वर्षांत कोणी भरायचा? १९२० नंतर खोल्या रिकाम्या राहिल्या त्या भाड्यामुळे. उद्या चावी हातात असूनही महिन्याच्या खर्चापायी घर विकून बदलापूरला जायची पाळी आली, तर तो रिकामेपणा कोणाच्या लक्षातही येणार नाही. कारण खिडकीत दुसऱ्याच कोणाचा तरी दिवा असेल.

गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले ते आठवा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विझत गेला आणि त्याबरोबर गिरण्याही. १९९१ च्या नियमांत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरबांधणीला, एक मालकाला. कागदावर न्याय शोभून दिसला. २००१ मध्ये त्या नियमात असा बदल झाला, की वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेची व्हावी. ज्या जागेवर शेड उभी होती ती हिशेबातून वगळली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. गिरणी म्हणजे बहुतेक सगळी शेडच की! शेतात उभे पीक असलेली जमीन वाटणीतून काढा आणि बांध तेवढे तीन भावांत वाटा, असा हा प्रकार. खेड्यातल्या तलाठ्यालाही तो कळला असता. जिथे साचे खडखडत तिथे आज मॉलचे सरकते जिने चालतात.

आणि आता मुंबई सोडून आमच्या रुळांवर येतो. कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. ज्या लोहमार्गाने आमच्या गासड्या गेल्या त्याच लोहमार्गाने आज आमची माणसे जातात. फक्त ती मुंबईपर्यंत जात नाहीत, उधन्याला उतरतात. उधना, लिंबायत, डिंडोली या सुरतेच्या वस्त्यांत अहिराणी इतकी कानावर पडते की आपण गाव सोडले याचा विसर पडावा. यंत्रमागांवर, कापड रंगवण्याच्या कारखान्यांत, साडीच्या बाजारात खानदेशी माणूस राबतो. धडगाव-अक्कलकुव्याकडचे आदिवासी बांधव मुकादमाची उचल घेऊन गुजराथेत ऊसतोडीला जातात आणि पाचटाच्या खोपीत हंगाम काढतात. सुरतेच्या त्या खोल्या मी पाहिल्या आहेत. नातलगांकडे जाणे-येणे असते. एका खोलीत सहा-सात पोरे, भिंतीला खुंट्या, खुंटीखाली पिशव्या, आणि पाळीप्रमाणे पथारी. ओळखीचे वाटते ना? परळची ग्रामस्थ मंडळाची खोलीच शंभर वर्षांनी उधन्याला भाड्याने गेली आहे. फरक एवढाच, की तिच्यापुढे गॅलरीसुद्धा नाही.

अशा खोलीची परीक्षा संकटात होते. १८९६ चा प्लेग आला आणि मुंबईतून लाखो माणसे गावाकडे पळाली. १९८२ चा संप लांबला आणि कामगार ट्रंक उचलून गावी गेला. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची आवई उठली आणि गाड्या, बसगाड्या भरभरून लाखो लोक शहराबाहेर पडले. त्या वेळी नंदुरबारच्या फलाटावर उतरलेली माणसे पाहणारे लोक अजून हयात आहेत. २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि माणसे रुळांवरून चालत निघाली. चार वेळा तीच कथा. साथ आली म्हणजे माणूस घरात जाऊन दार लावतो, आणि ही माणसे घर सोडून पळाली. याचा सरळ अर्थ असा, की शहराने त्यांना घर दिलेच नव्हते. पाठ टेकण्यापुरती जागा दिली होती. घर गावीच होते, म्हणून ती घरी गेली. शहराचे कापड विणले गेले, घर पुरवण्याचा खर्च मात्र आमच्या खेड्यांनी उचलला. त्या काळी गासडीमागे एक रुपया तरी जकात होती. आज माणसामागे काय आहे?

शहराने मनात आणले तर बदल होत नाही असे नाही. १९९४ नंतर सुरतेने एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत रस्ते झाडले, गटारे उपसली आणि दोन-तीन वर्षांत देशाला स्वच्छतेचा धडा दिला. पण झाडून घेतलेल्या रस्त्याच्या कडेची खोली तशीच राहिली. केर उचलणे सोपे. भाड्याचे, स्वस्त, उजेडाचे घर बांधणे अवघड.

आणि केवळ सुरतेकडे बोट दाखवून नंदुरबारने हात झटकू नयेत. आमचे गाव मिरचीचे. हंगामात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरचीचा समुद्र पसरतो. त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून येतात आणि आम्ही अभिमानाने एकमेकांना दाखवतो. त्या छायाचित्रात देठ खुडणाऱ्या बायाही असतात, तोंडाला फडके बांधलेल्या. त्या संध्याकाळी कोठे जातात? त्यांची मुले दिवसभर कोठे असतात? त्यांच्यासाठी पाण्याची आणि आडोशाची सोय कोठे आहे? गाव वाढते आहे, नवनव्या कॉलन्यांचे नकाशे मंजूर होत आहेत. त्यांत बंगल्यांना जागा असते, मंगल कार्यालयाला असते, मंदिराला असते. राबणाऱ्याच्या भाड्याच्या खोलीला नसते. ती मग नाल्याच्या काठी आपली आपण उगवते आणि तिला आपण अतिक्रमण म्हणतो.

तेव्हा वर्गणीदार या नात्याने माझ्या मागण्या अशा. वरळी, नायगाव, डिलाईल रोड येथील चाळी पाडताना निदान एक अख्खी इमारत, ऐंशीच्या ऐंशी खोल्यांसह, सळया दुरुस्त करून जागच्या जागी राखावी. संग्रहालयाच्या गोष्टी अधूनमधून कानावर येतात. त्यात पुतळे आणि गिरणीची यंत्रे तेवढी मांडू नयेत. खोली, बोळ, मोरी, खुंटी आणि ट्रंक यांसकट घर दाखवावे, आणि दारावरच्या पाटीवर तो एक रुपयाही लिहावा. बाकीच्या सर्व इमारतींची मोजमापे घेऊन, रहिवाशांच्या आठवणींसह, नकाशे छापून प्रसिद्ध करावेत. मनोऱ्यांमधल्या घरांच्या देखभालीचा भार पहिल्या काही वर्षांपुरता नव्हे, तर दीर्घ मुदतीने बांधून द्यावा. आणि आमच्या नगरपालिकेने पुढचा विकास आराखडा काढताना मजुरांच्या भाड्याच्या घरांसाठी जागा राखावी : एकमजली, दुमजली चालतील, पण खोलीपुढे उघडी गॅलरी हवी आणि समोर इमारतीच्या उंचीच्या निम्मे अंगण हवे. यात एकही गोष्ट खर्चाबाहेरची नाही. नकाशा हवा असेल तर मी फुकट काढून देतो. निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो.

हुतात्मा शिरीषकुमार आणि त्याचे सवंगडी ९ सप्टेंबर १९४२ रोजी ज्या चौकात पडले, तिथे आम्ही नंदुरबारकर दर वर्षी जमतो. स्मृती राखायची ठरवली की आमच्या गावाला ती राखता येते. यंदा पाडव्याला उधन्याहून गाडी येईल, पोरे पिशव्या घेऊन उतरतील, घरी कंदील लागतील. त्यांना फराळ द्याच. पण ताट पुढे करताना एक विचारा, की बाबा, तू राहतोस त्या खोलीला खिडकी आहे का? उत्तर ऐकल्यावर माझ्या लेखाचा राग आला तर मला कळवा. नाही आला, तर नगरपालिकेला कळवा.